साळवे सरांचा डावा हात

साळवे सरांशी माझी ओळख भांडणातून झाली. त्यात नवल काही नाही, माझ्या बहुतेक ओळखी अशाच होतात. आई म्हणायची, ‘कुंदीच्या तोंडाला दार नाही, नुसती चौकट आहे.’

भोपाळच्या एका मिशन कॉलेजात मी तेव्हा नुकतीच ग्रंथपाल म्हणून लागले होते. ग्रंथालयाला लागूनच कॉलेजचं चॅपल. मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीत कधीच नीट बंद न होणारी एक खिडकी. दर गुरुवारी दुपारी चारला पलीकडे क्वायरची तालीम सुरू व्हायची आणि माझ्या वाचनकक्षातली पोरं पुस्तक सोडून टेबलावर ताल धरायची. तीन गुरुवार मी सोसलं. चौथ्या गुरुवारी भिंतीवरची ‘शांतता राखा’ची हिंदी पाटी खिळ्यावरून काढली आणि ती हातात घेऊनच चॅपलमध्ये शिरले.

आत वीसेक पोरंपोरी, त्यांच्यासमोर कडक खळीची सुती साडी नेसलेल्या एक उंच बाई आणि कोपऱ्यात एक भलीमोठी पायपेटी. पेटीमागून एक टक्कल तेवढं दिसत होतं. मी दारातूनच तोंड सोडलं. ‘बाजू में लाइब्रेरी है, कुछ खयाल है कि नहीं?’ उंच बाईंनी मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, ‘आप गाती हैं?’

‘गाने नहीं, शिकायत करने आई हूँ!’

तेवढ्यात पेटीमागून शुद्ध मराठीत आवाज आला, ‘तक्रार मात्र खणखणीत आवाजात केलीत हो, बाई. आमच्या बायकांच्या खालच्या सुरांच्या ओळीत दोनच पोरी आहेत. एक गाणं उभ्या राहता का?’

भोपाळात अचानक कुणी मराठी बोललं की माझा निम्मा राग तिथंच उतरतो. बाबा नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर इकडे आले, तेव्हापासून भोपाळच्या कोटरा भागातल्या आमच्या घराचा उंबरा ओलांडला की मराठी संपायची. मी म्हटलं, बरं, एक गाणं. ते एक गाणं बावीस वर्षं चाललं. पाटी तिथंच राहिली. सरांनी ती पेटीच्या मागच्या भिंतीवर टांगून टाकली.

साळवे सर काही प्राध्यापक नव्हते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. पोरं आपली सवयीनं ‘सर’ म्हणायची. मूळचे नगरकडचे. वडील खेड्यातल्या मिशनच्या शाळेत मास्तर आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारे. तीच विद्या घेऊन हे नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथलेच झाले. बोटांवर कायम काळे डाग असायचे, प्रयोगशाळेतल्या कसल्याशा क्षाराचे. ते धुऊन जात नाहीत म्हणे. पोरं म्हणायची, पेटीच्या काळ्या पट्ट्यांचा रंग लागलाय.

तालमीच्या आधी वीस मिनिटं ते यायचे. बूट काढून पहिल्या बाकाखाली जोडीनं ठेवायचे, तोंडं दाराकडे. मग मोज्यांनी पेटीवर बसायचे. पायपेटीचा भाता पायांनी मारावा लागतो आणि बुटांची ठकठक गाण्यात येते, म्हणून मोजे. मोजे त्यांनीच रफू केलेले असायचे. करड्या मोज्याला तपकिरी दोरा, निळ्याला काळा. मी एकदा म्हटलं, ‘सर, निदान रंग तरी जुळवा.’ म्हणाले, ‘पेटीखाली कोण बघतंय, वैद्यबाई?’

त्या पेटीची त्यांनी जी सेवा केली, तेवढी सुना सासूची करत नाहीत. मी तर नाहीच केली. दाढीच्या जुन्या ब्रशानं एकेक सूर, म्हणजे आतली पितळेची जीभ, झाडायचे. उंदरांसाठी कोपऱ्यांत डांबरगोळ्या. एकदा उंदरानं भाता कुरतडलाच, तर प्रयोगशाळेतल्या फाटक्या हातमोज्याचं रबर चिकटवून त्यांनी तो असा दुरुस्त केला की पेटी आणखी आठ-दहा वर्षं सहज निघाली.

कधी कुणी वाजवण्याचं कौतुक केलं तर ते अवघडायचे. ‘आपण मागून यायचं,’ एवढंच म्हणायचे. ‘पुढं चालणाऱ्याला मागं वळून बघायला लागू नये. एवढं जमलं की झालं.’

पुढं चालायच्या त्या ग्रेस मॅडम. त्या उंच बाई. इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण क्वायर त्यांनी सोडली नव्हती, सोडा म्हणून सांगायची कुणाची छातीही नव्हती. त्यांनी एक रीत घालून दिली होती आणि आमचं चॅपल भोपाळभर त्या रीतीसाठी ओळखलं जायचं. गाण्याचं पहिलं कडवं बिनपेटीचं. मॅडम डोळे मिटायच्या, उजवा तळवा वर धरायच्या आणि पेटीला न विचारता, आपल्या डोक्यातून सूर काढून गुणगुणायच्या. आम्ही तो उचलायचा. पहिलं कडवं नुसत्या गळ्यांनी म्हणायचं आणि दुसऱ्या कडव्याला पेटी आत यायची, ती बरोब्बर त्याच सुरात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. लोक म्हणायचे, काय कान आहे बाईंचा! मॅडमही म्हणायच्या, ‘मुझे सुर मशीन से नहीं पूछना पड़ता.’ घरी त्यांना कुणी नव्हतं. नोकरी संपली होती. तो सूर तेवढा त्यांचा होता आणि त्या ताठ मानेनं तो सांभाळून होत्या.

माझं आणि सरांचं मात्र एका गोष्टीवरून कायम वाजायचं. त्यांचा डावा हात. मी खालची ओळ गायची आणि हे डाव्या हातानं नेमकी तीच ओळ खाली आणखी एकदा वाजवायचे, तीही ठासून. ओळ संपत आली की जास्तच. मला वाटायचं, माझ्या कानाशी कुणी पाटा-वरवंटा घेऊन बसलंय.

‘सर, मला ओळ येते हो! लहानपणी पेटी शिकलेय मी. पोरींना शिकवा काय शिकवायचं ते.’

‘हात जड आहे हो माझा,’ ते ओशाळून म्हणायचे. ‘आईकडून आलाय. भाकरी थापायची तर शेजारी कळायचं.’

मी चारचौघांत त्यांच्या त्या हाताला नावं ठेवायची. पोरं हसायची, तेही हसायचे आणि पुढच्या गाण्याला पुन्हा तेच. मुलीच्या लग्नासाठी मी महिनाभर रजेवर गेले होते. परत आले तर एक पोरगी म्हणाली, ‘मैम, आप नहीं थीं तो पेटी कितनी सॉफ्ट बजती थी!’ मी मनात म्हटलं, बघा, मी नाही तर माणसाच्या वाजवण्यात जीवच राहिला नाही. काय ते एकेकाचे समज असतात!

मी उभी राहायची ती पेटीच्या अगदी शेजारी. तिथून सरांची बोटं दिसायची. एका गुरुवारी मला काहीतरी खटकलं. पुस्तकात गाणं पांढरी चारचं. वर्षानुवर्षं ते तिथूनच वाजत आलेलं. आणि आज सरांची बोटं काळी दोनवर. दोन पट्ट्या खाली! पुस्तक समोर उघडं, डोळे पुस्तकावर आणि हात तिसरीकडेच चाललेले, तेही एक चूक न करता. लिहिलेलं एक आणि वाजवायचं दुसरं, तेही चार-चार सूर एका वेळी. ज्यानं पेटीला कधी हात लावलाय त्यालाच कळेल हे काय काम आहे ते.

तालीम संपल्यावर मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. ‘सर, आज काय होतं ते?’

‘डोळे पुस्तकावर ठेवत जा, वैद्यबाई. पेटीकडं कशाला बघता?’

‘मला बनवू नका.’

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले आणि मग हळूच म्हणाले, ‘मॅडमचा सूर उतरलाय. चार वर्षं झाली. आधी पांढरी तीनवर आला, आता काळी दोन. वयानं उतरतो. त्या जो देतात, तो पहिल्या कडव्यात मी ऐकून घेतो आणि दुसऱ्याला तिथंच जाऊन बसतो.’

म्हणजे सगळ्या भोपाळला वाटत होतं की बाईंचा सूर पेटीला जाऊन भिडतो आणि इथं पेटीच बाईंच्या मागं मागं जिना उतरत होती.

‘अहो, मग सांगा ना त्यांना!’

‘काय सांगू? म्हाताऱ्या झालात? ते आरसा रोज सांगत असेल.’

‘पण पोरं? खर्जातली पोरं परवा कुरकुरत होती, फार खाली जावं लागतं म्हणून.’

‘त्यांना मी सांगितलंय, थंडीनं घसा बसतो, गरम पाणी प्या.’ ते हसले. मग गंभीर झाले. ‘हे कुणाला म्हणून बोलायचं नाही. शब्द द्या. शांतता राखायची पाटी तुमच्याच हातात होती पहिल्या दिवशी.’

मी शब्द दिला. आणि दोन वर्षं पाळलासुद्धा. माझ्यासारखीनं दोन वर्षं म्हणजे काय, ते आमच्या घरी विचारा.

पण सूर उतरायचा थांबला नाही. पुढं पुढं तो असा यायला लागला की धड या पट्टीवर नाही, धड त्या पट्टीवर नाही, दोघींच्या मध्येच. पेटीत मधल्या जागेला पट्टी नसते. अशा वेळी दुसरं कडवं सुरू व्हायचं आणि पेटी आतच यायची नाही. सर भाता मारल्यासारखं करायचे, मान हलवायचे आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. आम्ही पूर्ण गाणं बिनपेटीचं म्हणायचो. नंतर ते वाकून पेटीचा मागचा फळा उघडायचे आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उगाच खुडबुड करायचे.

‘साळवे जी,’ मॅडम म्हणायच्या, ‘आपकी बुढ़िया फिर रूठ गई?’

‘जी मॅडम. रूठ गई.’

सगळे हसायचे. मला मात्र ते हसू गिळवायचं नाही. चांगली ठणठणीत पेटी होती हो ती! आदल्या रात्री पुसून, झाडून, सूर न् सूर तपासून ठेवलेली. आणि तिच्या नावानं हे खापर.

मग तो नाताळ आला. चॅपल खचाखच भरलेलं, बाहेरगावचे पाहुणे, पुढच्या रांगेत कॉलेजचे विश्वस्त. आणि मॅडमचा सूर त्या दिवशी गाण्यागणिक मध्येच. ओळीनं तीन गाण्यांना पेटी गप्प राहिली. चौथ्याला सर आत आले, पण अर्ध्या कडव्यात मॅडम आणखी खाली घसरल्या आणि पेटी व गळे यांच्यात अशी काही फारकत झाली की पाहुण्यांनी माना वळवून कोपऱ्याकडे बघितलं. सरांनी हात उचलले. त्यांच्या टकलावर डिसेंबरच्या थंडीत घाम आला होता.

नाताळची सुट्टी संपल्यावर प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. खोलीत आम्ही चौघंच: प्राचार्य, ग्रेस मॅडम, सर आणि कागद-पेन घेऊन मी, कारण बैठकीचं टिपण करायला ग्रंथपाल हा हक्काचा प्राणी असतो. प्राचार्य भला माणूस. त्यांनी सरळ विचारलं, ‘साळवे जी, पेटी खराब हो गई है?’

सर म्हणाले, ‘जी, पुरानी है.’

‘ठीक हो सकती है?’

मी सरांकडे बघत होते. त्यांनी आपल्या बोटांवरच्या डागांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मुश्किल है.’

मग ठरलंच. पेटी भांडारात जाईल, तिच्या जागी विजेचा कीबोर्ड येईल. माझं पेन चालेना. सरांनी मात्र मान डोलावली. मला वाटलं, एवढ्यावर संपलं. पण ग्रेस मॅडम बोलल्या. वाईट मनानं नव्हत्या बोलल्या, हे मी आज म्हणू शकते. म्हणाल्या, ‘साळवे जी भी थक गए हैं. क्रिसमस पर सबने देखा. अब उन्हें भी आराम दीजिए. कोई नया बजाने वाला देखते हैं.’

सर ‘जी’ म्हणाले. नुसतं ‘जी’.

आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. जन्मभर ज्या माणसानं ह्या बाईंच्या पावलावर पाऊल टाकलं, स्वतःवर न् पेटीवर बोल घेतला, त्यालाच ही घरी पाठवतेय, आणि हा ‘जी’ म्हणतोय! दिलेला शब्द मला आठवला होता. विसरले वगैरे काही नाही. आठवला आणि मी तो मोडला.

‘पेटी को कुछ नहीं हुआ है,’ मी म्हटलं. ‘सर को भी नहीं. सुर आपका उतरता है, मैडम. छह साल से. ये आपके पीछे-पीछे उतरते हैं.’

‘वैद्यबाई,’ सर म्हणाले. एवढंच. पण मी आता थांबणार होते होय?

प्राचार्य गोंधळले. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या, पण त्यांची मान ताठच. ‘चलिए,’ त्या म्हणाल्या. ‘अभी देख लेते हैं.’

आम्ही चौघं चॅपलमध्ये आलो. सकाळची वेळ, बाकं रिकामी. मॅडम आपल्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. डोळे मिटले, उजवा तळवा वर धरला आणि सूर दिला. स्वच्छ, सरळ, न थरथरणारा. सर पेटीपर्यंत आलेच नाहीत. ते पहिल्या बाकापाशी बूट घालूनच उभे होते. मग मीच पुढे झाले, पायांनी भाता मारला आणि पुस्तकातली पांढरी चार दाबली.

मीच दाबली ती पट्टी.

पेटी वर, मॅडम खाली, मध्ये हे एवढं अंतर. मला वाटलं होतं की त्या वाद घालतील, पेटीलाच बोल लावतील. पण त्यांचे कान शाबूत होते हो! गळा उतरला होता, कान नव्हते उतरले. त्यांना ते अंतर लख्ख ऐकू आलं. तेच वाईट झालं. त्यांनी तळवा खाली घेतला. गाण्याचं पुस्तक मिटलं, पेटीवर ठेवलं आणि सरांकडे बघून विचारलं, ‘छह साल?’

सर खाली बघत राहिले.

‘थैंक यू, वैद्य,’ मॅडम मला म्हणाल्या आणि चालत बाहेर गेल्या. त्यानंतर त्या चॅपलमध्ये कधीच आल्या नाहीत.

पेटी वाचली. प्राचार्यांनी ती जागेवरच ठेवायला सांगितली, सरांची माफीसुद्धा मागितली. मला वाटलं, चला, एक काम तर झालं. मॅडमचा राग महिन्याभरात जाईल. पुढच्या गुरुवारी पावणेचारला मी चॅपलमध्ये जाऊन बसले. पहिल्या बाकाखाली बूट नव्हते. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात सर आले ते तालमीच्या दिवशी नाही, एका मंगळवारी. पेटी उघडून त्यांनी सगळे सूर ब्रशानं झाडले, कोपऱ्यांत नव्या डांबरगोळ्या टाकल्या, वरून धुतलेली चादर घातली आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

‘पेटी वाचवलीत तुम्ही,’ ते म्हणाले. ‘आभारी आहे.’

टोमणा असता तर मी उलट बोलले असते, भांडले असते, मोकळी झाले असते. पण टोमणा नव्हता. ते खरंच आभार मानत होते.

‘मग या ना गुरुवारी,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

‘कुणाच्या मागं येऊ?’ त्यांनी विचारलं. मग म्हणाले, ‘बघतो,’ आणि गेले. वर्षअखेरीस निवृत्त झाले. निरोप समारंभाला पोरांनी गाणं म्हटलं, तेव्हा ते पुढच्या खुर्चीत पाहुण्यासारखे बसले होते.

क्वायर बंद पडू नये म्हणून मॅडमच्या जागी कुणी तरी हवं होतं. कोण? तर मी! दैवाची थट्टा म्हणा. पेटी वाजवणारं कुणी मिळेना, म्हणून शेवटी कीबोर्ड आलाच आणि तो वाजवायला रिया आली, संगीताची पदवी घेतलेली चुणचुणीत मुलगी. पहिल्या कडव्याची रीत आम्ही मोडली. सूर कीबोर्ड देतो, आम्ही घेतो. चादर घातलेली पेटी कोपऱ्यात असते, तिच्यावर पोरं दप्तरं ठेवतात.

यंदा नाताळच्या तयारीत रियानं तालीम मोबाईलवर भरून घेतली. सगळी पोरं गेल्यावर मला म्हणाली, ‘मैम, बुरा मत मानिएगा. आप हर लाइन के एंड में ऊपर चली जाती हैं.’

‘मी?’ मी हसलेच. ‘तेईस साल से गा रही हूँ, बेटा.’

‘किसी ने बताया नहीं?’

तिनं ते ऐकवलं. एकदा नाही, तीनदा, कारण मला खरं वाटेना. पण माझेही कान शाबूत आहेत. ओळ संपत आली की माझा सूर चढतो. दर ओळीला. थोडा, पण चढतोच, आणि शेजारच्या पोरींना बरोबर घेऊन चढतो.

मी तिथंच पहिल्या बाकावर बसले. ओळ संपत आली की जास्त ठासणारा तो डावा हात. मी रजेवर गेले की ‘सॉफ्ट’ वाजणारी ती पेटी. बावीस वर्षं हा माणूस दर ओळीच्या शेवटी माझा सूर खाली धरून ठेवत होता, आणि मी चारचौघांत त्याला हिणवत होते की तुमचा हात पाट्या-वरवंट्यासारखा आहे. मॅडमच्या सुराबरोबर ते खाली उतरत होते आणि त्याच वेळी मला वर जाऊ देत नव्हते. दोन हातांनी दोन बायकांची अब्रू. ज्यानं माझं बावीस वर्षं झाकलं, त्याला दिलेला एक शब्द मला झाकून ठेवता आला नाही. लाज वाटली मला. या वयात इतकी लाज वाटेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी आनंद नगरला सरांच्या घरी गेले. घरासमोर सामान मांडलेलं, सर एका ट्रंकेला दोरी बांधत होते. जबलपूरला मुलीकडे जायचं ठरलं होतं, कायमचं. मला एक दिवस उशीर झाला असता तर कुलूपच दिसलं असतं. मला बघून त्यांना आनंद झाला, खरा. वेताच्या दोन खुर्च्या अजून बांधायच्या राहिल्या होत्या, त्यावर आम्ही बसलो.

मी आधी मॅडमबद्दल विचारलं. म्हणाले, ‘जातो रविवारचा. चहा देतात, बिस्किटं देतात. गाण्याचा विषय नाही.’ मग दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत म्हणाले, ‘मागच्या रविवारी स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. छान चाललं होतं. मी दारात दिसलो आणि थांबल्या.’

‘सर, माझ्यामुळं,’ मी म्हटलं. ‘मी शब्द मोडला. माझं तोंड...’

‘तुम्ही माझ्यासाठी बोललात, ते कळत नाही का मला?’ ते म्हणाले. ‘पण मी म्हटलं नव्हतं हो, बोला म्हणून.’ आजवरच्या बावीस वर्षांत त्यांनी मला दिलेला हा एकच बोल. तोही इतका हळू की रस्त्यावरच्या बसच्या आवाजात जवळजवळ गेलाच.

रिक्षा आली. रिक्षावाल्यानं ट्रंक चढवली. सर बूट घालायला वाकले. मोजा निळा, रफूचा दोरा पांढरा. जे विचारायला आले होते, ते आता नाही तर कधीच नाही.

‘सर, खरं सांगा. माझा सूर चढतो ना? ओळीच्या शेवटी? म्हणून तुम्ही डावा हात ठासायचात ना?’

त्यांनी लेस बांधली. उभे राहिले. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि पूर्वीसारखंच ओशाळून हसले.

‘छे हो, वैद्यबाई. तुमची ओळ चोख. हातच जड माझा. आईकडून आलाय.’

मी पुढं काही बोलायच्या आत ते रिक्षात बसले, सामानाला टेकले आणि म्हणाले, ‘गुरुवारी वेळेवर जात जा. पोरं वाट बघतात.’

रिक्षा रायसेन रोडकडे वळली. वळताना तिच्या कडेनं एक हात बाहेर आला आणि मागं न बघता हलला. डावा होता. त्या हाताला मी बावीस वर्षं नावं ठेवली होती.